फोल्डर दिसत नाही, कॉपी अर्धवट होते: आधी काय तपासायचे आणि मग काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा. पेनड्राइव्ह उघडला तर फोल्डर गेलेले आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट आलेले. 'हिडन फाइल्स दाखवा' हा पर्याय निवडून ओके केले, की तो आपोआप परत पहिल्यासारखा होतो. दुसरीकडे, जुन्या हार्ड डिस्कवरचा डेटा नव्या कॉम्प्युटरवर घेताना कॉपी मध्येच एरर देऊन थांबते. कुणाच्या सांगण्यावरून रोबोकॉपी (विंडोजमधली फाइल्स कॉपी करण्याची कमांड) वापरले, तर काम पूर्ण झाल्याचे दिसले, ड्राइव्हवरची जागाही भरली, पण कॉपी केलेला फोल्डर कुठेच नाही. यातले काय परत मिळेल आणि फॉरमॅट करावे का?

फॉरमॅट करू नका. निदान झाल्याशिवाय त्या पेनड्राइव्हवर काही नवीन टाकूही नका. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तरी दोन्हीकडचा डेटा जागेवर असण्याची शक्यता खूप मोठी आहे. खात्री करायला अर्धा मिनिट लागतो. 'धिस पीसी'मध्ये त्या ड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'यूज्ड स्पेस' वाचा. ड्राइव्ह रिकामा दिसतोय आणि तरीही अकरा-बारा जीबी वापरलेले आहेत, तर फाइल्स तिथेच आहेत, फक्त तुमच्यापासून लपवल्या आहेत. आकडा काही एमबींवर आला असेल, तर त्या खरोखर डिलीट झाल्या आहेत. त्याचा मार्ग वेगळा आहे, तो शेवटी सांगतो.

लपवणे किती किरकोळ गोष्ट असते, हे एकदा कळले की भीती निम्मी कमी होते. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर प्रत्येक फाइलची आणि फोल्डरची ३२ बाइटची एक नोंद असते. त्या नोंदीतला बारावा बाइट गुणधर्मांचा, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट्सचा. त्यात रीड-ओन्ली, हिडन, सिस्टिम, अर्काइव्ह यांच्यासाठी एकेक बिट राखून ठेवलेला आहे. व्हायरस तुमच्या वीस जीबीच्या फोल्डरला हातही लावत नाही. तो त्या एका बाइटमधले दोन बिट चालू करतो, हिडन आणि सिस्टिम. फोटो, कागदपत्रे, आतले सबफोल्डर सगळे जसेच्या तसे राहते.

दोन बिट का, हेही समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. नुसता हिडन असलेला फोल्डर 'हिडन आयटम्स' वर टिक केली की फिकट रंगात दिसू लागतो. हिडन आणि सिस्टिम दोन्ही असतील, तर विंडोज त्याला स्वतःची महत्त्वाची फाइल समजते आणि ती टिक असूनही दाखवत नाही. त्यासाठी फोल्डर ऑप्शन्समधल्या व्ह्यू टॅबवर खाली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' अशी वेगळी ओळ आहे. ती टिक काढावी लागते. विंडोज इशारा देईल, तिथे यस म्हणा. विंडोज ११ मध्ये हे वरच्या तीन टिंबांच्या मेनूत, ऑप्शन्सखाली आहे. तिथेच 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स' ही टिकही काढून टाका आणि ही दुसरी टिक पुन्हा कधीच लावू नका, असा माझा आग्रह आहे. फोल्डरचे चित्र लावलेली ईएक्सई फाइल, म्हणजे फोल्डरचे सोंग घेतलेला प्रोग्रॅम, ओळखण्याचा तोच सर्वांत सोपा उपाय आहे. डीटेल्स व्ह्यूमध्ये खऱ्या फोल्डरपुढे साइज लिहिलेली नसते, टाइपच्या रकान्यात 'फाइल फोल्डर' असते. खोट्यापुढे काही केबी आणि 'अ‍ॅप्लिकेशन' असे दिसेल.

आता त्या शॉर्टकटकडे वळू. त्यावर डबल-क्लिक करू नका. राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'टार्गेट' या चौकटीतला मजकूर शेवटपर्यंत वाचा, कर्सर आत ठेवून उजवीकडे सरकत जा. साधा शॉर्टकट असेल तर तिथे एखाद्या फोल्डरचा पत्ता असतो. इथे बहुधा सुरुवातीला सीएमडी डॉट ईएक्सई, मग स्लॅश सी, मग स्टार्ट आणि डॉट व्हीबीएस किंवा डॉट जेएसने संपणारे एखाद्या स्क्रिप्टचे, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमचे, विचित्र नाव, आणि त्यानंतर एक्सप्लोररला तुमच्या फोल्डरचे नाव दिलेले सापडेल. म्हणजे क्लिक केल्यावर आधी व्हायरस चालतो आणि लगेच पाठोपाठ तुमचा खरा फोल्डर उघडतो. फोल्डर उघडला, फाइल्स दिसल्या, त्यामुळे संशय येत नाही, आणि तोपर्यंत कॉम्प्युटर बाधित झालेला असतो. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हवरचा ऑटोरन (ड्राइव्ह लावताच प्रोग्रॅम सुरू करणारी सोय) आपोआप चालत नाही, एक्सपी आणि व्हिस्टालाही २०११ च्या अपडेटने तेच लागू झाले. म्हणून या व्हायरसना तुमचे डबल-क्लिक लागते, आणि ते मिळवण्यासाठीच हा शॉर्टकटचा सगळा खटाटोप आहे.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी कॉम्प्युटर साफ, मग पेनड्राइव्ह. उलट केलेत तर तुम्ही फोल्डर उघडे कराल आणि काही सेकंदांत ते पुन्हा लपतील, कारण मेमरीत चालू असलेला व्हायरस दर काही क्षणांनी पेनड्राइव्ह तपासत असतो. पेनड्राइव्ह काढून ठेवा, विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे व्हायरसला स्वतःला वाचवायची संधी मिळत नाही. नंतर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये आणि टास्क शेड्यूलरमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) नावाने काही चालू होतेय का पाहा. मगच पेनड्राइव्ह लावा, आणि तो न उघडता त्याच्या ड्राइव्हवर राइट-क्लिक करून स्वतंत्र स्कॅन करा.

पुढची पायरी कमांड प्रॉम्प्टची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरायची. 'एच' म्हणजे ते एक अक्षर, आधीची आडवी रेघ म्हणजे वजाचे चिन्ह. कमांडचे नाव अ‍ॅट्रिब, त्याची अक्षरे ए, टी, टी, आर, आय, बी. पेनड्राइव्हचे अक्षर जी असेल, तर अशी ओळ टाइप करा:

अ‍ॅट्रिब -एस -एच -आर /एस /डी जी:\*.*

पहिले तीन भाग सिस्टिम, हिडन आणि रीड-ओन्ली हे गुणधर्म काढतात. स्लॅश एस म्हणजे आतल्या सगळ्या सबफोल्डरांपर्यंत, स्लॅश डी म्हणजे फाइल्सबरोबर फोल्डरांनाही. नेटवर अनेक ठिकाणी फक्त वजा एच सांगितलेले असते आणि ते चालत नाही. सिस्टिमचा बिट चालू असताना एकटा हिडन काढू म्हटले, तर अ‍ॅट्रिब ही सिस्टिम फाइल असल्याचे सांगून नकार देते. दोन्ही एकाच ओळीत द्यावे लागतात. प्रॉपर्टीजच्या खिडकीत 'हिडन'ची चौकट फिकट होऊन क्लिकच होत नाही, त्याचेही कारण हेच. कमांड चालताना 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या फोल्डरसाठी अ‍ॅक्सेस डिनाइड आले, तर दुर्लक्ष करा. तो विंडोजचा स्वतःचा फोल्डर आहे.

ही कमांड सी ड्राइव्हवर कधीही चालवू नका. तिथे हजारो फाइल्स मुद्दाम हिडन-सिस्टिम ठेवलेल्या असतात. डेस्कटॉपवर डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाच्या फाइल्स उगवतील, फोल्डरांची खास आयकॉन जातील आणि नंतर कशाला काय लावलेले होते हे कुणालाच आठवणार नाही.

कमांडनंतर पेनड्राइव्हवर एखादा बिननावाचा फोल्डर दिसला, तर तुमचा सगळा डेटा बहुधा त्याच्या आत आहे. गामारू किंवा अँड्रोमेडा या नावाने ओळखला जाणारा व्हायरस असेच करायचा. नावाच्या जागी न दिसणारी स्पेस टाकून फोल्डर बनवायचा आणि सगळे त्यात ढकलून द्यायचा. त्याचे बॉटनेट, म्हणजे बाधित कॉम्प्युटरांचे जाळे, २०१७ च्या अखेरीस युरोपोल, एफबीआय आणि इतर यंत्रणांनी मिळून मोडून काढले, पण जुन्या पेनड्राइव्हवरून त्याची पिल्ले अजूनही फिरतात. त्या फोल्डरमधले तुमचे फोल्डर ओळखीचे असतील तेवढेच कॉम्प्युटरवर कॉपी करा. शॉर्टकट, व्हीबीएस, जेएस, ईएक्सई, ओळख न पटणारे काहीही घेऊ नका. सगळे नीट उघडतेय याची खात्री झाली, की मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला हरकत नाही. फॉरमॅटची जागा इथे आहे, आधी नाही.

सेटिंग आपोआप पूर्ववत होते, ही तुमची दुसरी तक्रार त्याच व्हायरसची देणगी दिसते. फोल्डर ऑप्शन्समधला तो पर्याय दाबल्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, कोणता आकडा लिहायचा, हे दुसऱ्या एका नोंदीवरून ठरते, आणि व्हायरस नेमकी तीच नोंद बिघडवतो. मग तुम्ही 'दाखवा' म्हणता आणि विंडोज भलताच आकडा लिहून मोकळे होते. कॉम्प्युटर साफ झाल्यावर रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, अ‍ॅडव्हान्स्ड, फोल्डर, हिडन आणि शेवटी शोऑल, अशा क्रमाने खाली उतरा. उजवीकडे चेक्डव्हॅल्यू ही नोंद आहे. ती डीवर्ड, म्हणजे आकड्याच्या, प्रकारची हवी आणि किंमत १ हवी. काही वेळा व्हायरस ती पुसून त्याच नावाची स्ट्रिंग, म्हणजे मजकुराच्या, प्रकारची नोंद बनवतो. तेव्हा आकडा बरोबर दिसूनही काम होत नाही. अशी असेल तर ती डिलीट करून त्याच नावाची नवीन डीवर्ड नोंद करा. बदल करण्याआधी ती शाखा एक्सपोर्ट करून ठेवा.

हिडन फाइल्स दिसू लागल्या, की एक नवीन गैरसमज हमखास होतो, तो आधीच दूर करतो. सी ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाचा फोल्डर शॉर्टकटच्या बाणासह दिसेल, आणि उघडायला गेलात तर अ‍ॅक्सेस डिनाइड येईल. हा व्हायरस नाही. विंडोज व्हिस्टापासून वापरकर्त्यांचे फोल्डर 'यूजर्स'मध्ये गेले. जुने प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर शोधत येतात, म्हणून तिथे जंक्शन, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे वळवणारी पाटी, ठेवलेली आहे. ती आतून पाहायची मनाईही मुद्दाम घातलेली आहे. तिची मालकी घेण्याच्या फंदात पडू नका. तसेच, कुठल्याही फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'पुढे भरीव चौकोन दिसतो आणि टिक काढली तरी पुन्हा येतो, तीही बिघाडाची खूण नाही. तो चौकोन आतल्या फाइल्ससाठी आहे, फोल्डरसाठी नाही.

आता रोबोकॉपीने केलेला आणि गायब झालेला फोल्डर. मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते, कारण इथे व्हायरस नाही, चूक नाही, तरी डेटा 'गेला' असे वाटून लोक तो पुन्हा कॉपी करत बसतात किंवा ड्राइव्ह फॉरमॅट करतात. प्रत्येक ड्राइव्हच्या मुळाशी जो रूट फोल्डर असतो, त्याला विंडोज स्वतःच हिडन आणि सिस्टिम हे गुणधर्म लावून ठेवते. एक्सप्लोररमध्ये तो ड्राइव्ह म्हणून दिसतो, त्यामुळे आपल्याला ते कधी जाणवत नाही. रोबोकॉपी मात्र इमानदार आहे. तुम्ही अख्खा ई ड्राइव्ह डी ड्राइव्हवरच्या 'जुनी डिस्क' फोल्डरमध्ये कॉपी करायला सांगितला, की ते ई च्या रूटचे गुणधर्मही त्या फोल्डरला लावते. तुमचा बॅकअप तिथेच आहे, पूर्ण आहे, आणि हिडन-सिस्टिम झाला आहे. इथे सबफोल्डरांपर्यंत जायची गरज नाही, फक्त त्या एका फोल्डरचे गुणधर्म काढायचे:

अ‍ॅट्रिब -एस -एच "डी:\जुनी डिस्क"

एंटर दाबताच फोल्डर समोर येईल. पुढच्या वेळी रूटवरून कॉपी करायची असेल तर हीच ओळ शेवटी चालवायची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. रोबोकॉपीलाच 'ए वजा कोलन एसएच' हा स्विच देता येतो, पण तो सगळ्याच फाइल्सचे हे गुणधर्म काढतो, म्हणून मी तो टाळतो.

याच्या अगदी उलट वागणारीही साधने आहेत. जुनी एक्सकॉपी कमांड हिडन आणि सिस्टिम फाइल्स सांगितल्याशिवाय घेतच नाही, तिला स्लॅश एच द्यावा लागतो. साध्या कॉपी कमांडला तर हिडन फाइल सापडतच नाही. एक्सप्लोररमध्ये फोल्डरच कॉपी केला तर आतल्या हिडन फाइल्स बरोबर येतात, पण फोल्डरच्या आत जाऊन कंट्रोल-ए केले, तर जे दिसतेय तेवढेच सिलेक्ट होते. बॅकअप 'पूर्ण' असूनही प्रोग्रॅमच्या सेटिंग, मेलचा साठा, ब्राउझरचे बुकमार्क राहून जातात ते यामुळे. यातले बरेचसे अ‍ॅपडेटा या हिडन फोल्डरमध्ये असते.

कॉपी मध्येच का थांबते, याचे उत्तर एररच्या शब्दांत असते, आणि तुम्ही ते शब्द लिहिलेले नाहीत. पुढच्या वेळी मेसेजचा फोटो काढून ठेवा. तोवर नेहमीची कारणे सांगतो.

'फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टिम' असे आले आणि पेनड्राइव्हवर तर भरपूर जागा आहे, तर तो एफएटी३२ आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, इतकीच मोठी असू शकते. डेटा काढून घेऊन एक्सएफएटीने फॉरमॅट करा, प्रश्न संपला. 'या फाइलचे गुणधर्म कॉपी होणार नाहीत, चालेल का' असे विचारले, तर बहुतेक वेळा यस म्हणायला हरकत नाही. एनटीएफएसवर (विंडोजच्या डिस्कची नेहमीची फाइल सिस्टिम) फाइलला चिकटलेली जादा माहिती एफएटीवर जात नाही, मूळ मजकूर जातो.

पाथ खूप लांब असल्याचा मेसेज मराठी नावे वापरणाऱ्यांना जास्त छळतो, म्हणून इथे थोडे थांबतो. विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि त्यात ड्राइव्हचे अक्षर, प्रत्येक फोल्डरचे नाव, मधले स्लॅश सगळे मोजले जाते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, पायमोडके चिन्ह हे प्रत्येक स्वतंत्र मोजतात. 'प्रात्यक्षिक' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. कॉम्प्युटर त्यात बारा मोजतो. 'विद्यार्थी' तीन अक्षरे, मोजणीत दहा. लांबलचक मराठी नावांचे पाच-सहा फोल्डर एकात एक असले की मर्यादा कधी ओलांडली कळतही नाही. मूळ जागी सगळे नीट चालत असते, आणि बॅकअपच्या फोल्डरात टाकताना पत्ता वीस-पंचवीस अक्षरांनी वाढतो, तिथे अडते. उपाय सोपा आहे. डेस्टिनेशन ड्राइव्हच्या रूटवरच ठेवा आणि त्याला एका अक्षराचे नाव द्या, किंवा मूळ डिस्कवरच्या वरच्या फोल्डरांची नावे तात्पुरती छोटी करा. रोबोकॉपी लांब पाथ घेऊ शकते, पण मग त्या फाइल्स एक्सप्लोररमध्ये उघडताना किंवा डिलीट करताना पुन्हा तीच अडचण येते. विंडोज १० च्या २०१६ च्या आवृत्तीपासून रजिस्ट्रीत ही मर्यादा उठवता येते, तरी एक्सप्लोरर तिला धरून राहतो, म्हणून मी त्यावर विसंबत नाही.

जुन्या डिस्कवरचा 'यूजर्स'मधला फोल्डर उघडताना परवानगी नाही म्हटले, तर ते स्वाभाविक आहे. त्या फाइल्सची मालकी जुन्या विंडोजवरच्या खात्याची आहे. नाव आणि पासवर्ड तेच ठेवलेत तरी नव्या कॉम्प्युटरवरचे खाते वेगळेच असते. 'कंटिन्यू' दाबले की विंडोज आतल्या प्रत्येक फाइलवर तुमची परवानगी लिहीत बसते, लाखभर फाइल्स असतील तर बराच वेळ जातो. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून रोबोकॉपीला स्लॅश बी दिला, तर ती बॅकअपच्या अधिकाराने वाचते आणि मूळ डिस्कवर काहीच बदलत नाही. मी हाच मार्ग पसंत करतो. अपवाद एकच: फाइलच्या आयकॉनवर कुलूप असेल, म्हणजे ती जुन्या विंडोजच्या ईएफएसने (फाइल कुलूपबंद करणारी सोय) एन्क्रिप्ट केलेली असेल, तर मालकी घेऊन उपयोग नाही. जुन्या खात्याचे सर्टिफिकेट लागते. जुना कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल, तर तो पुसण्याआधी ते काढून घ्या.

'सायक्लिक रिडंडन्सी चेक' किंवा 'आय-ओ डिव्हाइस एरर' आले, तर मात्र हात थांबवा. आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचे पोर्ट वापरा. तरीही तोच मेसेज तोच फोल्डर आला की येत असेल, तर डिस्कचे सेक्टर खराब होत आहेत. इथे सर्रास दिला जाणारा 'चेकडिस्क स्लॅश आर चालवा' हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. तो डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचत तासन्‌तास चालतो, आणि मरणाला टेकलेली डिस्क त्यातच मरते. आधी डेटा, मग दुरुस्ती. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदींची, माहिती पाहा. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल तर सर्वांत महत्त्वाचे आणि छोटे फोल्डर आधी काढून घ्या. उरलेल्यासाठी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) घेणे चांगले, कारण ते सुलभ भाग आधी वाचून अवघड जागांकडे नंतर येते. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर वीज बंद करा आणि घरी काहीही करू नका.

रोबोकॉपी तासन्‌तास एकाच फाइलवर अडकते, याचे गणितही मजेशीर आहे. तिची मूळ सेटिंग म्हणजे न वाचता आलेली फाइल १० लाख वेळा पुन्हा वाचायची आणि दर वेळी ३० सेकंद थांबायचे. एका फाइलसाठी हे ३४७ दिवस होतात. म्हणून हे दोन आकडे स्वतः द्यावेच लागतात. तुमच्या कामासाठी पूर्ण ओळ अशी होईल:

रोबोकॉपी ई:\ डी:\जुनीडिस्क /ई /बी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१ /युनिलॉग:डी:\नोंद.टीएक्सटी

स्लॅश ई रिकाम्या फोल्डरांसकट सगळे घेतो. एक्सजे जंक्शन वगळतो. हा विसरलात तर अ‍ॅपडेटामधले एक जंक्शन स्वतःच्याच आत बोट दाखवते आणि कॉपी एकाच वाटेवर खोल खोल जात राहते. युनिलॉगमुळे नोंदीत मराठी नावे नीट राहतात, साध्या लॉगमध्ये प्रश्नचिन्हे येतात. एक छोटी खोच: ई:\ ला अवतरणचिन्हात घालू नका. शेवटचा स्लॅश आणि अवतरणचिन्ह मिळून कमांडचा अर्थ बदलतो आणि विचित्र एरर येते. आणि कुणी स्लॅश एमआयआर वापरा म्हणाले, तर तो काय करतो हे समजल्याशिवाय वापरू नका. मूळ जागी जे नाही ते तो डेस्टिनेशनवरून डिलीट करतो. दोन पत्त्यांची अदलाबदल झाली तर बॅकअपच जातो.

शेवटी जो तक्ता येतो त्यात 'फेल्ड' हा रकाना वाचा. तिथे शून्य असेल तरच कॉपी पूर्ण झाली. शून्य नसेल तर नोंदीच्या फाइलमध्ये 'एरर' शोधा, कोणती फाइल राहिली ते नावानिशी मिळेल. खातरजमेसाठी तीच ओळ स्लॅश एल जोडून पुन्हा चालवा, नोंदीच्या फाइलचे नाव मात्र बदला, नाहीतर पहिली नोंद पुसली जाईल. स्लॅश एलमुळे ती काहीही कॉपी करत नाही, फक्त काय करावे लागेल ते सांगते. फाइल्सच्या ओळीत 'कॉपीड' खाली शून्य आले, की दोन्ही बाजू जुळल्या. डेस्टिनेशन एफएटी३२ पेनड्राइव्ह असेल तर स्लॅश एफएफटीही द्या, कारण एफएटीवर फाइलची वेळ दोन सेकंदांच्या पायरीने लिहिली जाते आणि उगीचच फरक दिसतो. लग्नाचे फोटो किंवा संशोधनाचा डेटा यांसारख्या पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींसाठी पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅशने दोन्हीकडच्या फाइल्सचे हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवा. वेळ जातो, पण तो सार्थकी लागतो. आणि असा डेटा कधीही कट-पेस्टने हलवू नका. कॉपी करा, तपासा, मग मूळ पुसा.

वनड्राइव्ह वापरत असाल तर आणखी एक शक्यता आहे. फाइलवर ढगाचे चिन्ह असेल, तर ती कॉम्प्युटरवर नाहीच, फक्त तिचे नाव आहे. प्रॉपर्टीजमध्ये 'साइज ऑन डिस्क' शून्य दिसेल. अशा फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळे उतरेपर्यंत थांबा आणि मग कॉपी करा. पेनड्राइव्ह मॅक किंवा लिनक्सवर फिरून आला असेल, तर टिंबाने सुरू होणाऱ्या नावांच्या बारीकसारीक फाइल्स विंडोजवर दिसतील. तिकडे टिंब म्हणजेच हिडन. त्यांनी काही बिघडत नाही.

राहिली ती शक्यता सुरुवातीला सोडून दिलेली: 'यूज्ड स्पेस' जवळजवळ शून्य. कधीकधी अँटीव्हायरसने शॉर्टकटबरोबर फाइल्सही काढलेल्या असतात, म्हणून आधी त्याची क्वारंटाइन यादी, म्हणजे त्याने बाजूला काढून ठेवलेल्या फाइल्स, पाहा. मग ड्राइव्हवर फाउंड डॉट ०००, फाउंड डॉट ००१ असे फोल्डर आहेत का ते पाहा. चेकडिस्कला सापडलेले तुकडे तिथे ठेवले जातात आणि तो फोल्डरही हिडन-सिस्टिमच असतो, त्यामुळे वरची टिक काढल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही ठिकाणी काही नसेल तर फोटोरेक किंवा रेकुव्हासारख्या रिकव्हरी प्रोग्रॅमने स्कॅन करा. प्रोग्रॅम दुसऱ्या ड्राइव्हवर इन्स्टॉल करायचा आणि सापडलेल्या फाइल्सही दुसऱ्याच ड्राइव्हवर उतरवायच्या. पेनड्राइव्ह नवा आणि मोठ्या आकाराचा असेल, आणि सुरुवातीला टाकलेल्या फाइल्स उघडतात पण नंतरच्या सगळ्या खराब निघतात, तर त्यावर छापलेला आकार खोटा असू शकतो. एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण जागा लिहून-वाचून तपासता येते, पण ती चाचणी रिकाम्या ड्राइव्हवरच करा. हे सगळे करून पाहिल्यावरही अडले, तर मेसेजचे नेमके शब्द, दोन्ही ड्राइव्हची फाइल सिस्टिम आणि रोबोकॉपीच्या शेवटच्या तक्त्याचा फोटो पाठवा. एवढ्यावर पुढचे सांगता येईल.